रक्ताच्या माणसाची सही

११ फेब्रुवारी

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. पत्ता मुद्दाम आमच्या शेजारच्या टेलरकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू न उघडताच टोपलीत टाकलं असतंस. फोनवर मला ब्लॉक केलंस ते केलंस. मी माझ्यासाठी लिहीत नाहीये.

जाताना तू म्हणाली होतीस, "त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." नाव काढत नाही. दादा म्हणतो. तुझा सख्खा, माझा मानलेला.

दादा पाच आठवडे कोंडलेला आहे. जागेवर पाटी आहे 'नशामुक्ती केंद्र', त्यावर उगवता सूर्य काढलाय. आत गोदामाला प्लायवूड ठोकून खोल्या पाडल्यात आणि खिडक्यांना बाहेरून पत्रे मारलेत. तेवीस माणसं, दोन संडास. तुझ्या बाबांनी त्याला नऊ जानेवारीला तिथं भरती केलं. नव्वद दिवसांचा कोर्स, गॅरंटीसह. माणूस काय मिक्सर आहे का, गॅरंटी द्यायला?

भेट महिन्यातून एकदा, दहा मिनिटं. मी परवा गेलो होतो. टेबलाच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे ट्रॅकसूट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला त्यांचा 'सर'. हा सर आधी दारूडा होता म्हणे, धावून धावून सुटला. म्हणून आता सगळ्यांना धावायला लावतो. दारूवाला असो, दादासारखा मेथचे खडे ओढणारा असो, पहाटे थंड पाणी आणि तीस फेऱ्या. दादाच्या डोक्याचे केस काढलेत. डाव्या कानामागे हिरवट पिवळा डाग आहे. मी विचारलं, "हे काय?" तर सर म्हणाला, "पडला. आळशी आहे, चालता चालता झोपतो."

"दादा, कसा आहेस?"

"मी बरा आहे. इथे सगळे माझ्या भल्यासाठी आहेत."

शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं म्हणाला. मग शिट्टीवाला कुणाला तरी ओरडायला मागे वळला, तेवढ्यात ओठ न हलवता म्हणाला, "झोपू देत नाहीत रे."

मी तुझ्या बाबांकडे गेलो. हेडमास्तर ते हेडमास्तरच. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मला अजून दारातच उभं ठेवतात. म्हणाले, "नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस. मध्येच शाळा सोडलेल्यांचं काय होतं ते माझ्यासमोर उभं आहे." म्हणजे मी.

केंद्राचा नियम असा, की ज्याने भरती केलं त्याने, नाहीतर रक्ताच्या सज्ञान माणसाने सही केली तरच सोडतात. मी कुणीच नाही. तुझी आई हयात नाही. उरलीस तू. एक दिवस ये आणि एक सही कर. मग हवं तर परत जा आणि मला पुन्हा ब्लॉक कर.

— फ्यूज


१९ फेब्रुवारी

आठ दिवस झाले. टपाल तीन दिवसांत पोचतं, पोस्टातल्या बाईंना दोनदा विचारून झालंय. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस.

ठीक आहे. मग आज जरा कडू लिहितो.

तू त्याला चोर म्हणालीस. तुझा प्रबंध द्यायला दोन दिवस राहिले होते, आणि त्यानं तुझा लॅपटॉप उघडून चादरीवर मांडला. स्क्रू एका ओळीत, पट्ट्या एका ओळीत, आकारानं लहान ते मोठा. त्यातलं काही परत जुळलं नाही आणि तुझं एक वर्ष गेलं. तू ओरडलीस ते बरोबर होतं. पण त्यानं तो विकला नव्हता. तो म्हणत होता, "हिचा पंखा आवाज करतो, मी नीट करून देतो." तो खरंच तसं समजत होता. मला हे आत्ता कळलंय, तेव्हा मीही त्याला शिव्याच दिल्या.

दादा आणि मी काम करायचो त्या दुकानाचं तुला काहीच माहीत नाही, कधी आली नाहीस. पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी काळी पडलेली तार छिन्नीनं कापून ओढून काढायची, खाचांमध्ये नवा कागद बसवायचा, मग तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून भरायचे. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. एक चुकला तर मोटार तापते. शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवायची. त्या वार्निशचा वास इतका उग्र असतो की त्याच्याआड दादा मागच्या खोलीत काय ओढत होता, ते कुणाच्या नाकाला कळलं नाही. कळलं असेल तर नाकानं सांगितलं नाही.

उन्हाळ्यात शेकड्यांनी पंप जळतात. मागच्या उन्हाळ्यात दादा दीड दिवस न उठता वाइंडिंग करायचा. आम्ही काय म्हणायचो माहीत आहे? "काय हात आहे!" मालक गिऱ्हाइकांना घेऊन यायचा आणि लांबून दाखवायचा, जत्रेतला हत्ती दाखवावा तसा. तुझे बाबा घरी म्हणायचे, "उशिरा का होईना, चिरंजीवांना कामाची गोडी लागली." जेवायचा नाही, तर म्हणे काम डोक्यात आहे. गालफडं बसली, तर म्हणे कष्ट करतो. चांगली चालणारी मोटार उघडून पुन्हा वेढे मोजायला लागला, तर आम्ही म्हणालो, कारागीर असावा तर असा!

दुसऱ्या कुठल्याही घरात पोरगा तीन दिवस झोपला नाही तर डॉक्टरला बोलावतात. आमच्याकडे त्याला हार घालायचा बाकी ठेवला.

परवा मी मालकाला तोंडावर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

पान उलटावं तशी त्यानं नजर फिरवली. "नशा करणारा माणूस काम करतो का रे? माझ्याकडे सगळ्यात जास्त काम तोच करायचा."

"मेथचे खडे कोण आणून द्यायचं त्याला?"

"फ्यूज, तू पाना उचल आणि जागेवर जा. उडालास तर बदलून टाकीन."

मी पाना उचलला. मारला नाही. हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण तू म्हणायचीस की माझा हात आधी चालतो आणि डोकं नंतर पोचतं.

आणि हो, तू गेलीस म्हणून मी कॉलेज सोडलं असं लोक सांगत असतील तर खोटं आहे. प्राचार्यांशी भांडण झालं म्हणून सोडलं. त्यांनी पटावरून कुणाचं तरी नाव तांबड्या शाईनं कापलं होतं. कुणाचं ते सोड.

सही. एक सही.


२७ फेब्रुवारी

अजून काही नाही. नकाशांच्या कचेरीत काम करतेस ना? मग परतीचा रस्ता सापडायला एवढा वेळ?

चुकलो. हे खोडणार होतो, पण मग पान फाडावं लागेल आणि आधीच तीन फाडलीत.

तू सही केलीस आणि तो सुटला, तरी पुढे कुठे न्यायचं, हे मला आधी शोधायला हवं होतं. म्हणून चार दिवस फोन केले. ऐक, तुझा भाऊ कसल्या बाजारात उभा आहे ते.

पहिलं केंद्र: "एसी की साधं?" मी म्हटलं, उपचार काय करता? तर म्हणे, "ते दोन्हीकडे सारखेच."

दुसरं: "दारू का मेथ? मेथचा दर वेगळा." का वेगळा? "ते लोक भिंती उकरतात."

तिसरं: "पेशंट आपणहून येणार की उचलून आणायचा? उचलायचं गाडीभाडं वेगळं. चार माणसं पाठवतो, शेजाऱ्यांना कळतसुद्धा नाही." हे त्यानं असं सांगितलं, जसं कपाट पोचवून देणार आहे.

चौथ्यानं डॉक्टर कोण आहेत म्हटल्यावर फोन ठेवला. पाचव्याचं सगळं चांगलं होतं. खरंखुरं हॉस्पिटल, शिकलेली माणसं. दोन महिन्यांचा आकडा ऐकून मी हसलोच. तेवढ्यात तुमचं घर आणि आमचं घर दोन्ही गेली असती, आणि पायरीवर बसून सगळ्यांनी शुद्धीवर राहायचं.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. चौकशीच्या खिडकीतला म्हणाला, असलं काही इथं नसतं. मी उडालो. तेव्हा झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अरे ओरडतोस कशाला? मंगळवारी ये. एक्स-रेच्या मागे, मोडक्या खाटा ठेवल्यात त्याच्या शेजारी. बाई बसतात." खिडकीतल्याला माहीत नाही आणि मावशींना माहीत आहे!

मंगळवारी बाहेर चाळीस माणसं आणि दोन बाकं. आत डॉक्टरबाई, साधारण पन्नाशीच्या, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं जोडलेली.

"तू पेशंटचा कोण?"

"मी... त्याच्या बहिणीचा..."

"नवरा?"

"नाही."

"मग?"

"अजून काही नाही."

त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'मित्र'. तुझा की दादाचा ते लिहिलं नाही.

मग मला पंधरा मिनिटं दिली. चाळीस माणसं बाहेर असताना पंधरा मिनिटं. त्या म्हणाल्या, मेथ डोक्यातला आनंदाचा सगळा साठा एकदम बाहेर ओतून टाकतं. माणूस दिवसेंदिवस जागा राहतो, भूक मरते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत बसतो. वस्तू उघडतो, मांडतो, मोजतो. पुढे संशय येतात, भास होतात. मी लॅपटॉपचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, जणू तो लॅपटॉप रोज कुणीतरी त्यांच्या टेबलावर आणून ठेवतं.

"आणि बंद केल्यावर?"

"पहिले काही दिवस झोप. दिवसरात्र. खूप झोप, खूप भूक, आणि मनाला काळोखी. त्या काळात जीव द्यावासा वाटू शकतो, म्हणून कुणीतरी जवळ बसायचं आणि झोपू द्यायचं. तिथून सुरुवात होते."

मी म्हटलं, तिथं झोपला म्हणून मारलंय त्याला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याला तिथं कुणी नेलं?"

मी म्हटलं, "घरच्यांनी."

गोळी मागितली. म्हणाल्या, दारूवर आहेत, अफूवर आहेत, पण याच्यासाठी अजून तरी अशी गोळी नाही की घेतली आणि सुटला. दर आठवड्याला येऊन बोलायचं, तपासणी करायची, झोप आणि जेवण सांभाळायचं, जुन्या जागा टाळायच्या. आणि घसरला तर हाकलून द्यायचं नाही, पुन्हा यायचं.

"किती दिवस?"

"दिवस मोजू नकोस. वर्ष धर. जास्तही लागेल."

"खर्च?"

"केसपेपरचा. आणि दर मंगळवार."

"एवढंच? मग हे कुणाला माहीत कसं नाही? बाहेर साधी पाटी नाही!"

"पाटीची मंजुरी तीन वर्षं अडकलीय," त्या म्हणाल्या. "ओरडू नकोस, तुझ्यामागे अजून चौतीस आहेत."

उगवत्या सूर्याच्या पाट्या चौकाचौकात आहेत, आणि जिथं खरंच उपचार मिळतो तिथं मावशींना विचारून जायचं. सांग, मी का उडू नये?

बाई म्हणाल्या, सज्ञान माणसाला असं मर्जीविरुद्ध कोंडणं मुळातच चूक आहे, त्या पत्र देतील. पण घरचं माणूस समोर उभं राहिलं तर काम एका दिवसात होतं, नाहीतर कागद फिरत बसतात. कागद फिरतील तोवर तो आत फेऱ्या मारत राहील.


७ मार्च

तुझं कार्ड मिळालं. दीड वर्षात तुझं पहिलं अक्षर. चारच शब्द. 'त्याला तिथे कोणी नेलं?'

तू आणि त्या डॉक्टरबाई एकाच शाळेत शिकलात का?

सही तुझ्या बाबांची आहे, हे खरं. पण कागद मी नेला त्यांच्याकडे. जाहिरातीचा कागद मी फाडून आणला बसथांब्यावरून. ते आधी नाही म्हणत होते. म्हणाले, "घरातली गोष्ट घरात राहू दे." मी त्यांना तासभर समजावलं. मी, ज्याला ते दारात उभं करतात. पहिल्या महिन्याचे पैसे माझी मोटारसायकल विकून भरले, आणि त्या दिवशी मला वाटत होतं की जगात माझ्याएवढा मोठ्या मनाचा माणूस नाही.

आणि नेलं मीच. पुढचं वाचायच्या आधी खाली बस.

दादा आपणहून आला नसता. चार माणसं बोलवायची मला लाज वाटली. म्हणून मी त्याला म्हटलं, "दादा, एका केंद्रात बोअरची मोटार जळालीय. वीस-पंचवीस माणसं पाण्यावाचून आहेत. चल ना, माझ्या हातून नाही व्हायची."

तीन दिवस झोपला नव्हता तो. डोळे लाल, ओठ फुटलेले, दुकानाच्या मागे तारेचे तुकडे मोजत बसला होता. पाणी नाही म्हटल्याबरोबर उठला. तोंड धुतलं. धुतलेला शर्ट घातला, गिऱ्हाइकाकडे जायचं म्हणून. पिशवी भरली. छिन्नी, हातोडी, मीटर, कागदाची गुंडाळी. रिक्षात मला शिकवत होता, "आधी झाकण उघडून वास घ्यायचा. घाई करायची नाही. नुसतं बेअरिंग गेलं असेल तर उगाच सगळी तार ओढून काढशील आणि माणसाला खर्चात घालशील." दोनदा म्हणाला, उगाच खर्चात घालायचं नाही.

दारात शिट्टीवाला उभा होता. दादानं त्याला नमस्कार केला. "मोटार कुठंय?"

"आत."

तो आत गेला, आणि दार लागलं. त्याला वाटलं वाऱ्यानं लागलं. आतून मला विचारतोय, न ओरडता, कामाच्या आवाजात, "अरे, मोटार कुठंय? मीटर तुझ्याकडे राहिलं का?"

मीटर माझ्या हातात होतं. मी ते खाली ठेवलं, तुझ्या बाबांचा कागद दिला, पावती घेतली आणि चालत घरी आलो. गाडी नव्हतीच.

नव्वद दिवस नऊ एप्रिलला संपतात. मी कॅलेंडरवर खूण केली होती. ठरवलं होतं की त्या दिवशी तुला फोन करीन दुसऱ्याच्या नंबरवरून आणि म्हणीन, बघ, बरा केला. तुला यायला कारण राहील. माझ्या डोक्यात दादा बरा झालेला नव्हता, तू दारात उभी होतीस.

आता तू मला काय म्हणशील ते म्हण. पण त्याला सोडव. माझ्यावरचा राग काढायला तो आत कशाला?


१८ मार्च

तू आलीस, सही केलीस, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. माझ्याशी एकच वाक्य बोललीस, "ही पिशवी धर." मी धरली. अजून सांगितलं असतंस तर रात्रभर धरून उभा राहिलो असतो, पण ते असो.

तुला शिट्टीवाल्यासमोर पाहिलं. तो म्हणाला, "मॅडम, मध्येच नेलंत तर आमची गॅरंटी राहणार नाही." तू म्हणालीस, "ती तुमच्याकडेच ठेवा. जपून ठेवा, पोलिसांना दाखवायला लागेल." मला टाळी वाजवावीशी वाटली. दादाची पिशवी मागितलीस तर त्यानं छिन्नी-हातोडी 'हत्यारं' म्हणून जप्त केल्याचं सांगितलं, आणि तू ती लिहून घेऊन परत मागितलीस, एकेक. तेव्हा कळलं की तू सगळी पत्रं नीट वाचली होतीस.

दादानं तुला रिक्षात काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, मुद्दाम.

तू गेल्यावरचं सांगतो. तो घरी आला आणि झोपला. दोन दिवस. तुझे बाबा दर तासाला दारात येऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "इतकं झोपणं बरं का?" मी म्हटलं, "बसून राहा, उठवू नका." हेडमास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले. मला म्हणाले, "तू पण बस." पहिल्यांदा.

मंगळवारी तिघं गेलो. तुझे बाबा बाकावर, केसपेपर हातात, नंबर सदतीस. आत गेल्यावर सुरू झाले, "मी लहानपणापासून शिस्त..." बाईंनी मधेच विचारलं, "हेडमास्तर, तुमच्या वर्गात एखाद्याला ताप यायचा, तेव्हा बाकावर उभं करायचात का?" तुझे बाबा बाहेर आल्यावर बराच वेळ पिशवीत चष्मा शोधत राहिले. चष्मा डोळ्यांवर होता.

बाईंची एक गंमत आहे, त्यावर माझं भांडण झालं. तपासणी स्वच्छ आली की डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. बहुतेक चिठ्ठ्यांवर नुसतं 'शाब्बास', काहींवर साबण, टॉवेल, मोजे. मी म्हटलं, "नशा केली नाही म्हणून बक्षीस? आम्ही आयुष्यभर करत नाही, आम्हाला कुणी टॉवेल दिला?" बाई म्हणाल्या, "तुला हवा असेल तर घेऊन जा, पण त्याचं डोकं सध्या कशालाच खूश होत नाही. छोटी छोटी खुशी परत शिकवावी लागते. याचा उपयोग होतो, मोजून पाहिलेलं आहे."

दादाला मोजे निघाले. मंगळवारपासून पायात तेच आहेत.


१६ एप्रिल

महिना झाला, लिहिलं नाही. कारण लिहायला वाईट काही नव्हतं, आणि चांगलं लिहायची मला सवय नाही. सलग चार चिठ्ठ्या. दादाचं वजन वाढलं. रडतो मात्र. काहीही कारण नसताना, भांडी घासताना. बाई म्हणाल्या, होतं असं.

काल मालक तुमच्या घरी आला. उन्हाळा सुरू झालाय, मोटारींचा ढीग पडलाय. तुझ्या बाबांसमोर, गोड आवाजात, "ये रे परत. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. मागची खोली तशीच ठेवलीय तुझ्यासाठी."

मागची खोली! दादाची बोटं आपोआप हलायला लागली, वेढे मोजल्यासारखी.

मी मालकाला घरात काही बोललो नाही. दुकानात गेलो, आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं की ह्या माणसाला उन्हाळ्यात मोटारी हव्या असतात, मग आतला माणूस जळाला तरी चालतो. मग वार्निशचा अख्खा डबा त्याच्या टेबलावर उपडा केला. माझी नोकरी गेली. गेली तर गेली.

घरी येऊन दादाला सांगितलं, छाती काढून. मला वाटलं तो हसेल.

तो म्हणाला, "हे आता पत्रात लिहिशील ना तिला?"

"मग? लिहिणारच. तिला कळायला नको?"

"काय कळायला नको? मी आत काय बोललो, कसा दिसत होतो, आता रडतो, मोजे घालतो. ती आली त्या दिवशी तिला सगळं आधीच पाठ होतं. मला सांगायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस." मग हळू आवाजात, "फ्यूज, तू माझ्या अंगावर बसून प्रेमपत्रं लिहितोयस रे. तिकडे मला मोटार दाखवायला नेलंस, तसंच."

मी खूप बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मी नसतो तर तू तिथंच मेला असतास, हेही म्हणालो. तुझे बाबा आतून म्हणाले, "आवाज खाली." माझाच होता.

रस्त्यावर येऊन चालत राहिलो. राग उतरला तेव्हा आठवून पाहिलं. ही धरून सहा पत्रं. प्रत्येकात मी किती शूर, किती भांडलो, किती धावलो. दादा प्रत्येकात आहे, पण फक्त तुला इकडे ओढायची दोरी म्हणून.

आणि हे पत्रही मी लिहिलंच. बघ, सवय.


६ मे

केंद्राविरुद्ध केलेल्या तक्रारीबद्दल तुला माहिती हवी, कारण त्यावर तुझी सही आहे. परवा तपासणीला सरकारी माणसं आली. खिडक्यांवरचे पत्रे निघाले, अकरा जण घरी गेले. बाकीच्यांचे नातेवाईक म्हणतात, आम्ही नव्वद दिवसांचे पैसे भरलेत, तुम्ही कोण मधे पडणारे? त्यातल्या एका बापाशी मी काल दोन तास बोललो. न ओरडता. तो मंगळवारी येतो म्हणालाय. येईलच असं नाही. बाईंच्या खोलीला पाटी नाहीच अजून, म्हणून मी एक्स-रेपासून बाणांचे कागद चिकटवले. खिडकीतल्यानं दोनदा फाडले. मी तिसऱ्यांदा चिकटवले, जास्त डिंक लावून.

मला एका सायकलच्या दुकानात काम मिळालंय. दादा तिथंच शेजारी पंखे दुरुस्त करतो, सकाळी चार तास, दार उघडं ठेवून.

आता या मंगळवारचं. दादा आत गेला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ बसला. बाहेर आला तेव्हा हातात चिठ्ठी होती की नव्हती, ते मी लिहिणार नाही. येताना वाटेत त्यानं मला काहीतरी सांगितलं. बाबांनाही अजून सांगितलेलं नाही. ते तुला सांगायचं की नाही, कधी, कुठल्या शब्दांत, हे त्याचं आहे. चांगलं की वाईट, ते कार्डावर चार शब्दांत मला विचारू नकोस. माझं तोंड किती सैल आहे तुला माहीत आहे, आणि अक्षर पाहिलं की मी विरघळतो.

ऐकल्यावर मी उडालो नाही. तो थांबला, मला वाटतं माझ्या उडण्याचीच वाट बघत होता. मी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी किती वाजता निघायचं?"

तो म्हणाला, "आठ. लवकर नंबर लागतो."

दादाला तुझा पत्ता दिलाय. त्यानं वही आणलीय. पहिलं पान दोन दिवस कोरंच आहे, वर फक्त तुझं घरातलं नाव लिहिलंय. घाई करू नकोस त्याला.

माझ्याकडून हे शेवटचं. तुझ्यावर राग नाही. बाकी जे आहे ते या पाकिटात घालत नाही, कारण त्याला तुझ्या भावाचं तिकीट लावावं लागेल, आणि ते मी आता वापरत नाही.